पाखरं फायनल

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ज्याला कान आहेत त्याने माझा आवाज ऐकलेला आहे. तोंड मात्र फार थोड्यांनी पाहिलंय, आणि ज्यांनी पाहिलंय त्यांचा विश्वास बसत नाही. 'चला चला चला, फक्त तीन दिवस, साड्यांचा महासेल' म्हणणारा मीच. निवडणुकीत 'मतदार बंधू-भगिनींनो' म्हणणाराही मीच, आणि एकदा तर एकाच वॉर्डात दोन्ही बाजूंनी मीच. एका उमेदवाराला छातीतून आवाज दिला, दुसऱ्याला नाकातून. दोघांनीही मला वेगवेगळं गाठून सांगितलं, "भानुदासराव, समोरच्याच्या माणसाला तुमची सर न्हाय." मी दोन्ही वेळा मान डोलावली.

भिगवण रस्त्याला खत-औषधांच्या दुकानावर माझी खोली आहे. पाटी रंगवणाऱ्याने 'ध्वनीमुद्रन' लिहून ठेवलंय. एका शब्दात दोन चुका, पण तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने त्या दाखवल्या नाहीत, तेव्हा मीही खर्चात पडलो नाही. भिंतींना आतून बायकोच्या माहेरच्या गोधड्या ठोकल्यात. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्या आहेत. तरी गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या गाणी वाजवत खालून गेल्या की सगळं काम थांबवून चहा मागवावा लागतो.

या धंद्याचं शास्त्र बाहेरच्यांना ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. रस्त्यावर उभ्या माणसाला रिक्षावरचा भोंगा विजेच्या तीन खांबांपुरता ऐकू येतो. पहिल्या खांबाला त्याचं लक्ष जातं, दुसऱ्याला त्याला कळतं, तिसऱ्याला रिक्षा पुढे गेलेली असते. म्हणून काय, कुठे आणि कधी हे तीन खांबांत बसवायचं. बाकीचं 'तमाम रसिकांना नम्र विनंती' वगैरे चौथ्या खांबाच्या पुढे, म्हणजे कुत्र्यांसाठी.

दुसरं गिऱ्हाईक शेतकरी. द्राक्षात साखर भरायला लागली की बुलबुल आणि साळुंक्या बागेवर उतरतात. पूर्वी माणूस माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचा, ओरडायचा. आता माणूस मिळत नाही, म्हणून बॅटरीवरचा भोंगा झाडाला बांधतात आणि त्यात माझा पेनड्राइव्ह घालतात. त्यात मी ओरडतो, "हाऽऽऽ! हुर्र्र्र! ए हाऽऽऽ!" मधेच पत्र्याचा डबा बडवतो. यातली खरी करामत मधल्या शांततेत आहे. ठरावीक वेळाने ओरडलात तर पाखरं तिसऱ्या दिवशी ताल धरून बसतात आणि दोन आरोळ्यांच्या मधे निवांत जेवतात. म्हणून कधी लगेच ओरडायचं, कधी बराच वेळ गप्प बसायचं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. साळुंक्यांनी शिकवलं.

अशा माझ्या खोलीत गेल्या वर्षी दिवाळीनंतर चार जण वाद्यं घेऊन जिना चढून आले. पुढे होता संकेत, निमगाव केतकीचा, इंजिनिअर होऊन बारामतीत खोली घेऊन राहिलेला. तो गायचा. बरोबर बास गिटार वाजवणारी ऋतुजा, आणि एक ड्रमवाला, एक गिटारवाला. त्या दोघांचीही नावं ओंकार होती, त्यामुळे हाक मारली की दोघेही बघायचे.

"काका, आमाला स्टुडिओ अल्बम करायचाय," संकेत म्हणाला. "इंडी रॉक."

मी म्हटलं, "इंडी म्हणजे विजापूरकडची? तिकडनं लिंबं येतात."

"न्हाय काका. इंडी म्हंजे स्वतंत्र. डोक्यावर कंपनी न्हाय, कुणाचा हुकूम न्हाय."

"मग गिटार कुणी घेतली?"

"आईनं. भिशीतनं."

स्वातंत्र्याची अशी व्यवस्था लागलेली बघून मला बरं वाटलं. बँडचं नाव होतं 'डावा कालवा'. निमगावचं पोर आहे, तिथल्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेलं, त्यामुळे नाव मला पटलं. अल्बमचं नाव 'दुसरं आवर्तन'. मी विचारलं, पहिलं कधी काढलंत? तर म्हणाला, हाच पहिला. पण कालव्याचं पहिलं आवर्तन, म्हणजे पाण्याची पहिली पाळी, कसंबसं मिळतं आणि सगळा जीव दुसऱ्यात अडकलेला असतो, म्हणून दुसरं. हेही मला पटलं. पटलं नाही ते गाणं. शब्द एक कळत नव्हता.

"शब्द कळायचे नसतात काका, जाणवायचे असतात," मोठा ओंकार, म्हणजे ड्रमवाला, म्हणाला.

मी जन्मभर तीन खांबांत कळवत आलोय, माझ्यासमोर हे बोलायला धाडस पाहिजे. एकेक गाणं सहा-सहा मिनिटांचं. रिक्षावर लावलं असतं तर गाव संपलं असतं, गाणं संपलं नसतं. पण पोरं कष्टाळू होती. दोन महिने गोधड्यांच्या खोलीत घाम गाळून त्यांनी आठ गाणी केली. तिसऱ्या गाण्यात उसाच्या ट्रॅक्टरचा हॉर्न राहून गेला. तो काढतो म्हटलं तर म्हणाले, राहू द्या.

नववं गाणं संकेतचं एकट्याचं होतं. नाव 'पाखरं'. नुसती गिटार आणि तो. त्यात होतं:

'तात्या, मी पाखरू होऊन उडालो न्हाय,
तुमच्या गोफणीतला दगड हाय मी.
लांब फेकला वाटतो तुमाला,
तुमच्याच बांधाला पडलोय.'

कानावरचे हेडफोन काढले तेव्हा माझे डोळे भरले होते. निवडणुकीत हरलेल्या उमेदवाराचे आभार रेकॉर्ड करतानासुद्धा मला असं झालं नव्हतं.

तात्या म्हणजे त्याचे वडील. त्यांची निमगावला द्राक्षबाग आहे. संकेत म्हणाला, "सहा वर्षं गातोय काका, पण तात्यांनी माझं एक गाणं सबंद ऐकलं न्हाय. गाणं म्हणतच न्हाईत. आरडणं म्हणत्यात. अल्बम झाला की ह्ये एक त्यांना ऐकवणार. बाकी कुणी ऐकू नाय ऐकू."

दुसऱ्याच दिवशी तात्या बारामतीला ट्रॅक्टरचं काहीतरी आणायला आले आणि जिना चढून दारात उभे राहिले. आत नेमका ड्रम चालू होता आणि छोटा ओंकार गिटार पिळत होता. तात्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"ह्येला गाणं म्हणत्यात व्हय?" ते म्हणाले. "ह्येच्यापरीस बागंत उभा ऱ्हाऊन आरडला आस्ता, तर पाखरं तरी हालली आस्ती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भानुदासराव, तुमचं ते पाखरांचं भरून ठेवा. पोराकडं द्या पाठवून. साखर भरायला लागलीया." आणि गेले. संकेत गिटारच्या तारा पुसत बसला. त्या पुसायच्या नव्हत्या.

आता माझी चूक सांगतो. माझ्या पेनड्राइव्हवर मी चिकटपट्टीचा तुकडा लावून नाव लिहितो. त्या संध्याकाळी दोन भरले. एकात तात्यांसाठी माझ्या आरोळ्या, त्यावर लिहिलं, 'पाखरं फायनल'. दुसऱ्यात संकेतचं नववं गाणं, ऋतुजाने इंटरनेटवर चढवायचं होतं ते. त्यावरही लिहिलं, 'पाखरं फायनल'. दोन्ही संकेतच्या हातात दिले आणि कुठला कुणाचा हे तोंडी सांगितलं. ज्याने तोंडाने सांगून पोट भरलं, त्याला लिहिण्यापेक्षा सांगण्यावर जास्त भरवसा असतो. संकेतने दोन्ही एकाच खिशात घातले.

पुढची चूकही माझीच, पण ती गाजली. इंदापुरात रविवारी अल्बमचा कार्यक्रम ठेवला होता आणि त्याची जाहिरात मी माझ्याकडून भेट म्हणून केली. शास्त्राप्रमाणे तीन खांबांत बसवली: "डावा कालवा! दुसरं आवर्तन! रविवारी संध्याकाळी!" बँड, गाणी, कलाकार हे सगळं चौथ्या खांबाच्या पुढे ठेवलं. रिक्षा निमगाव, वडगाव निंबाळकर, भिगवणपर्यंत फिरवली.

रविवारी हॉल खच्चून भरला. बाहेरही माणसं. संकेतचा चेहरा उजळला, माझीही छाती फुगली. पहिलं गाणं सुरू झालं, तसे पुढच्या रांगेतले एक धोतरवाले आबा उठले.

"पाणी कवा सुटणार त्ये सांगा आदी!"

"कसलं पाणी, आबा?"

"आवर्तनाचं! तुमीच वरडत हुता की गावागावातनं! आमी दारं धरायला माणसं सांगून ठिवलीत, पाट साफ केलं!"

संकेतने माइकवर हात जोडले. "आबा, आवर्तन म्हंजे आमचा अल्बम हाय."

"अल्बम?" आबा मागे वळून म्हणाले. "आरं, लगीन हाय जणू कुणाचंतरी."

मग एकच गलका झाला. निम्मे शिव्या देत गेले, निम्मे जेवणाची वाट बघत बसले. पाटबंधारे कार्यालयातले फोन म्हणे दोन दिवस वाजत होते. मी त्या आठवड्यात खोलीचं दार आतून लावून काम केलं. माझ्या जाहिरातीला एवढी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती, हे मात्र मी नाकारणार नाही.

आठवड्याने ऋतुजा एकटी आली. तिने हेडफोन माझ्या कानावर घातले. मला ऐकू आलं, "हाऽऽऽ! हुर्र्र्र!" आणि डबा.

"काका, हे तुम्ही आहात," ती म्हणाली. "नववं गाणं म्हणून हे गेलंय. सुरुवातीला शांतता होती, मला वाटलं गिटार हळू सुरू होतेय. लांबीपण तेवढीच. मी सबंध ऐकलंच नाही."

मी हेडफोन उतरवले. "काढून टाक. आत्ता काढ."

"काढता येईल. पण हे वाचा आधी."

पुण्याच्या एका समीक्षकाने इंटरनेटवर अल्बमबद्दल लांबलचक लिहिलं होतं. बँडचं नाव 'डावा' असल्यामुळे त्यांना बँडची राजकीय भूमिका पहिल्याच ओळीत कळली होती. ट्रॅक्टरचा हॉर्न म्हणजे भांडवलाने ग्रामसंस्कृतीला दिलेली धडक, असंही त्यांना दिसलं. आठ गाणी त्यांनी ठीक ठरवली. पण नववं! ते गाणं नसून गाण्याला दिलेला नकार होता. त्यातली हाक शेकडो वर्षं दबलेल्या मातीची होती, आणि मधली अनियमित शांतता म्हणजे व्यवस्थेने न दिलेली उत्तरं. ती हाक देणारा मात्र 'अज्ञात ग्रामीण आवाज' होता.

तीस वर्षांत माझं कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं, आणि ज्याने केलं त्याने मला अज्ञात ठरवलं. हसावं की रडावं कळेना. शिवाय पुण्यातल्या एका मोठ्या हॉलने बँडला बोलावलं होतं. अट एकच, नववं व्हायलाच हवं.

संध्याकाळी संकेत आला. तो वेगळ्याच काळजीत होता.

"काका, माझं गाणं मग तात्यांच्या भोंग्यात गेलं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आठ दिवस बाग त्याच्या गाण्यावर राखली जात होती, म्हणजे राखली जात नव्हती.

"फोन केलास?"

"आईला केला. म्हणली, तात्या काय बोलत न्हाईत. सकाळी भोंगा लावत्यात आन बांधाला बसत्यात." तो माझ्याकडे बघेना. "बाग खाल्ली आसंल पाखरांनी. वर्साचं पीक. आता मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी लगेच खरा पाखरांचा पेनड्राइव्ह भरला. "हा घे, जाऊन दे."

"तुमीच द्या ना."

"चूक माझी आहे हे खरं, पण बाप तुझा आहे."

शेवटी दोघांपैकी कुणीच गेलं नाही. पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात पडून राहिला. हजारो माणसांपुढे भोंग्यातून बोलणारा मी, पण एका माणसासमोर 'चुकलो' म्हणायला निमगावपर्यंत गेलो नाही, याची मला आजही लाज वाटते.

"निदान पुण्यात तरी खरं सांग," मी संकेतला म्हटलं. "आणि तुझं गाणं चढव."

"सांगितलं तर हसतील काका. पोरांचं पयलं बोलावणं हाय." मग तो म्हणाला, "आन ते गाणं एका माणसासाठी हुतं. त्या माणसाची बाग घालवली त्यानं. ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात ते समीक्षकच बारामतीत आले. भर उन्हात गळ्यात मफलर. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ती हाक इथे मिळते. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"या हाकेमागची वेदना मला समजून घ्यायचीय."

"वेदना नाही हो," मी म्हटलं. "साळुंक्या आहेत."

त्यांनी डोळे मिटले. "साळुंक्या," ते पुटपुटले आणि वहीत लिहून घेतलं. मग मी सगळं खरं सांगितलं, पेनड्राइव्ह, पट्टी, द्राक्षं, सगळं. संकेत 'ऱ्हाऊ द्या' म्हणाला होता, तेही मोडलं. पण काही बिघडलं नाही. त्यांनी दुसरा लेख लिहिला, त्यात मी बोलताना मुद्दाम भाबडेपणाचा मुखवटा घेतो असं म्हटलं आणि तो पहिल्यापेक्षाही मोठा होता. मी खरं बोललो तर त्याची अशी गत.

पुण्याचा कार्यक्रम मार्चमध्ये एका रविवारी झाला. मला आमंत्रण होतं, पण मी गेलो नाही. संध्याकाळी ऋतुजाने फोनवरून थोडं ऐकवलं. संकेत स्टेजवर ओरडत होता, "हाऽऽऽ!" आणि खुर्च्यांवरची शिकलीसवरलेली माणसं एका सुरात उत्तर देत होती, "हुर्र्र्र!" त्यांचा ताल मात्र पक्का होता. साळुंक्या असत्या तर आरामात जेवल्या असत्या.

त्याच दिवशी दुपारी, म्हणजे पोरं पुण्यात साउंड तपासत होती तेव्हा, तात्या माझ्या जिन्यावर आले. या वेळी चपला काढून आत आले. टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला. उन्हाने पट्टीवरची अक्षरं फिकी पडली होती.

"तात्या, चूक माझीय," मी म्हणायला लागलो.

"ह्ये बंद पडलंय," ते म्हणाले. "उन्हानं गेलं आसंल. दुसरं भरून द्या."

मी खणातून तयार पेनड्राइव्ह काढला. परत घोळ नको म्हणून लावून दाखवला. "हाऽऽऽ! हुर्र्र्र!"

"ह्ये न्हवं."

"पाखरांचं हेच, तात्या. तुमच्याकडे चुकून भलतंच गेलं होतं."

"काय गेलं हुतं ते मला ठावं हाय. तेच द्या."

खालून एक ट्रॉली गाणी वाजवत गेली. ती जाईपर्यंत मी दोन चहा सांगितले.

"आणि पाखरं?" मी विचारलं.

"खाल्ली की. कडंच्या चार वळी खाल्ल्या. बुलबुल तारंवर बसून ऐकायचं, आन मग खायाचं."

"मग बंद का नाही केलंत?"

"भोंगा वर लिंबाला बांधलेला. शिडी लावायची, गुडगं दुखत्यात." रोज सकाळी तो लावताना गुडघे आड आले नव्हते, हे मी काढलं नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पयल्या दिशी उतरवायलाच निगालो हुतो. तेवड्यात ते गोफणीचं आलं. म्हणलं, फुडं काय म्हणतोय बगू. मग रोजच बगत गेलो." मग एकदम चिडून म्हणाले, "बांदालाच पडलोय म्हणतोय! आरं, मग घरला यायला काय हुतंय?"

"तो घाबरलाय, तात्या. बाग गेली म्हणून."

"बाग यापाऱ्यानं नेली कवाच. चार वळीनं काय हुतंय? द्राक्षं फुडल्या साली बी येत्यात."

मी गाणं नव्या पेनड्राइव्हवर घेतलं, चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि सवयीने 'पा' लिहिलं. तात्यांनी माझा हात धरला.

"पाखरं लिवू नगा. परत घोळ हुईल."

"मग काय लिहू?"

ते बराच वेळ गोधड्यांकडे बघत राहिले. सहा वर्षं ज्याला आरडणं म्हटलं, त्याला दुसरा शब्द शोधायला वेळ लागणारच.

"गाणं लिवा," ते म्हणाले. "संकेतचं गाणं."

मी नवी पट्टी लावून ठळक अक्षरात लिहिलं आणि खाली दुसरा शब्द लिहायला लागलो. तात्यांनी चष्मा लावून वाचलं आणि पेनड्राइव्ह माझ्या हातातून काढून घेतला.

"फायनल नगा लिवू," ते म्हणाले. "आजून करील की त्यो."